पणजीहून एका दिवसात सावंतवाडी: आंबोली वगळा, तळ्याकाठी फिरा

प्रश्न असा आहे: पणजीहून स्वतःच्या गाडीने, सोबत सत्तरीची आई आणि दोन मुलं, एका दिवसात सावंतवाडी, आंबोली आणि वेंगुर्ला होईल का?

गाडी तिन्हीकडे पोहोचेल. बघून मात्र काहीच होणार नाही. आंबोली सावंतवाडीपासून 30 किलोमीटर आहे आणि रस्ता घाटाचा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्या अडकल्या की अर्धा दिवस तिथेच जातो. वेंगुर्ला बरोबर उलट्या दिशेला. तेव्हा फक्त वाडी करा. (सावंतवाडीला इथले लोक नुसतं ‘वाडी’च म्हणतात. जुनं नाव सुंदरवाडी.)

म्हापसा, पेडणे, पत्रादेवी, बांदा असे या. नेमकी चूक होते ती पुढे. नवा महामार्ग शहराला वळसा घालून थेट झारापला निघतो. नकाशा न बघता सरळ गेलात तर वाडी मागे राहते आणि ते कुडाळच्या पाट्या दिसायला लागल्यावर लक्षात येतं. इन्सुलीला महामार्ग सोडा आणि जुन्या घाटरस्त्याने शहरात शिरा. गोव्यातली बाटली डिकीत ठेवू नका. इन्सुलीला उत्पादन शुल्कवाल्यांची तपासणी असते. मंगळवारही टाळा. त्या दिवशी आठवडा बाजार असतो, भाजी-मासळी झकास मिळते, पण गाडी लावायला जागा मिळत नाही.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एकच सूचना: ‘सावंतवाडी रोड’ स्टेशन मळगावात आहे, शहरात नव्हे. तिथून रिक्षा करावी लागते. एसटीने आलात तर स्टँडवरून मोती तलाव चालत गाठता येतो.

सकाळी आधी राजवाडा. तलावासमोरच आहे, लाल चिऱ्याचा, कमानींचा. तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत (1755 ते 1803) तो उभा राहिला. जयाप्पा शिंद्यांची मुलगी लक्ष्मीबाई याच खेम सावंतांना दिली होती. ‘राजेबहादर’ हा किताब या घराण्याकडे आला तो त्या सोयरिकीनंतर. वाड्याचा काही भाग आता हॉटेल आहे, त्यामुळे सगळीकडे फिरू देत नाहीत. दरबार हॉलमध्ये फोटो काढण्यापूर्वी विचारा. आईंसाठी तिकीट काढतानाच पायऱ्यांची चौकशी करून घ्या.

इथे वेळ द्यायचा तो गंजिफांना, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांना. ही कला मोडीत निघाली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. दशावतारी संचात 120 गोल पानं असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. तिघे खेळतात, प्रत्येकाला 40 पानं. दिवसा राम ज्याच्याकडे तो उतारी करतो, रात्री कृष्ण ज्याच्याकडे तो. आकड्यांच्या पानांत पाच रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत उलट, म्हणजे एक्का वरचढ. नवा गडी हरतो तो इथेच. मुलांना मत्स्याचे मासे आणि कूर्माची कासवं मोजायला लावा, खेळ लगेच कळतो.

संच विकत घेणार असाल तर हाती रंगवलेला की छापील, हे आधी ठरवा. किमतीत बराच फरक पडतो. एकाच रंगाची दोन पानं शेजारी धरा. हाती काढलेले दोन मासे कधीच तंतोतंत सारखे नसतात, आणि पान तिरपं धरलं की रंगाचा थर जरासा उठलेला दिसतो. छापील पान सपाट असतं.

दुपारी एक ते चार बाजार पेंगतो, हे कोकणात सगळीकडेच. तेव्हा जेवून घ्या. मग तलावाकाठची जागा शोधा: केशवसुत कट्टा, किंवा मुलांसाठी जगन्नाथराव भोसले उद्यान. आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव इथल्याच तिरोड्याचे. दादरहून सावंतवाडीला येणाऱ्या गाडीला ‘तुतारी’ हे नाव केशवसुतांच्या कवितेवरून मिळालं, हे मुलांना कट्ट्यावर सांगायला बरं. वाचनाची आवड असेल तर 1852 सालचं श्रीराम वाचन मंदिर बाहेरून तरी बघा.

चारनंतर चितारआळी. लाकडी फळं, भातुकली, पाट, पाळणे. जुन्या फळांना पांगाऱ्याचं लाकूड वापरत, ते हातात घेतलं की हलकेपणा जाणवतो. फळ उन्हात धरून सांध्यावर नख फिरवा. लांबी (पुट्टी) भरून झाकलेली फट तिथे सापडते. तोंडात घालायच्या वयाच्या मुलासाठी रंगीत खेळणं घेऊ नका, बिनरंगी मागा.

लाखेचा रंग दिलेल्या लाकडी वस्तूंचं घरी नेताना हमखास वाटोळं होतं. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेला पाट तापलेल्या डिकीत राहिला की अक्षरं पाटावर उमटतात. सुती फडक्यात गुंडाळा आणि डिकीऐवजी पायाशी ठेवा. घरी गेल्यावर त्यावर गरम भांडं नको, पांढरा डाग पडतो. ओल्या फडक्याने पुसलात तर लगेच कोरडं करा.

साडेपाचला निघालात तर इन्सुलीचा घाट उजेडात उतरता येईल.