९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरी सरासरी त्यात असण्याची शक्यता ९५% का?

नाही. हा इंटरव्हल म्हणजे नमुन्यावरून खऱ्या सरासरीसाठी काढलेला पल्ला. समजा, २५ जणांच्या यादृच्छिक नमुन्याची सरासरी ५२ आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) १०. प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक सरासरी किती हलेल याचा अंदाज) १०/√२५ = २. समष्टीचं, म्हणजे ज्या पूर्ण गटातून नमुना घेतला त्याचं, विचलन माहीत नाही, म्हणून सामान्य वितरणातलं १.९६ न घेता टी-तक्त्यातून २४ डिग्री ऑफ फ्रीडमसमोरचं (नमुन्यातली संख्या वजा १) २.०६४ घ्या. इंटरव्हल येतो ५२ ± २.०६४ × २, म्हणजे ४७.८७ ते ५६.१३.

आता अर्थ, कारण खरी गफलत इथेच होते. समष्टीची सरासरी ठरलेली असते. नमुन्यागणिक बदलतो तो इंटरव्हल. याच पद्धतीनं पुन्हा पुन्हा नमुने घेतले, तर साधारण ९५% इंटरव्हलमध्ये खरी सरासरी सापडेल. संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये मांडलेला भरवसा पद्धतीबद्दलचा आहे. हातातल्या एका इंटरव्हलमध्ये खरी सरासरी एकतर असते किंवा नसते.

आणि ‘९५% लोक या मर्यादेत आहेत’ असं तर मुळीच लिहू नका.