भिंतीपलीकडे कोण राहतं?

प्रिय,

तुझी स्क्रिप्ट दोनदा वाचली. नवरा हात उचलतो तो सीन तू फार ताकदीने लिहिलायस, पण पुढे लगेच तो रडतो, माफी मागतो, म्युझिक वाढतं आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकवते, तिथे माझ्या पोटात कालवलं. हे आपण सगळ्यांनी इतक्या वेळा बघितलंय ना, की मारणं हा प्रेमाचाच एक भाग वाटायला लागतो. तुझ्या मनात ते नव्हतं, माहितीये मला. पण बघणारा तेच घेऊन उठतो.

मी पण डेस्कवर असताना कितीतरी हेडिंगं दिलीत, "किरकोळ वादातून विवाहितेला मारहाण", "रागाच्या भरात पत्नीवर हल्ला". आता वाचते तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यात मारणारा माणूसच नाहीये, वाद आहे, राग आहे, जणू वादानेच हात उचलला. आणि कारण छापलं की वाचणारा ते कारण खरं होतं का, पुरेसं होतं का हे बघत बसतो, म्हणजे चौकशी तिचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयाच्या, कधीतरी जोडीदार असलेल्या साधारण २७ टक्के बायकांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलीये. एवढं असताना आपण प्रत्येक केस एका घराची भानगड म्हणून छापतो. शांतो अय्यंगार या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी गरिबी, गुन्हेगारी अशा विषयांच्या टीव्ही बातम्यांवर काम केलंय, तिथे दिसलं की सुट्या घटनेची बातमी बघून लोक जबाबदारी त्या माणसावरच टाकतात, व्यवस्थेवर नाही. घरातल्या मारहाणीचंही तसंच होतं असं मला वाटतं.

पण तुला खरं सांगायचंय ते वेगळंच. २०१६ मध्ये युगांडातल्या ११२ गावांमध्ये एक प्रयोग झाला, गावातल्या व्हिडिओ हॉलमध्ये पिक्चर दाखवायचे आणि काही गावांत मध्ये मध्ये बायकोला होणाऱ्या मारहाणीवरचे छोटे व्हिडिओ. काही महिन्यांनी विचारलं तर मारणं योग्य की अयोग्य याबद्दलची मतं फारशी हलली नव्हती. तरी त्या गावांत घरातली हिंसा कमी झालेली दिसली! कारण असं दिसतं की बायकांना वाटायला लागलं, आपण बोललो तर लोक आपल्याला चोंबडी म्हणणार नाहीत, आणि त्या सांगायला तयार झाल्या.

दक्षिण आफ्रिकेत 'सोल सिटी' या टीव्ही मालिकेने १९९९ मध्ये हा विषय घेतला, त्यात मारहाणीचा आवाज आला की शेजारी बाहेर जमून भांडी वाजवतात. घरात कोणी घुसत नाही, मोठं भाषण नाही, फक्त 'आम्हाला ऐकू येतंय' एवढं त्याला कळतं. पुढे काही ठिकाणी लोकांनी खरोखर तसं केल्याची नोंद आहे. मला ही आयडिया प्रचंड आवडते, कारण बघणाऱ्याला दुसऱ्या दिवशी करता येईल असं काहीतरी मिळतं.

म्हणून तुझा माफीचा सीन काढच असं नाही म्हणत, खऱ्या आयुष्यात माफी मागतातच, आणि पुन्हा मारतातही, तेही दाखव. फक्त म्युझिक नको. आणि तिला रडताना क्लोजअपमध्ये इतका वेळ नको गं, आपण तिच्याकडे बघत राहतो आणि तो फ्रेमच्या बाहेर मोकळा उभा असतो.

अजून एक, त्या रात्री एवढा आवाज होतो पण भिंतीपलीकडे कोण राहतं हे तुझ्या स्क्रिप्टमध्ये कुठेच नाहीये. त्यांनी काय ऐकलं, टीव्हीचा आवाज वाढवला की दार वाजवलं, ते लिही आणि रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
ताई