गळ्यात क्रूस नाही, मग कळतं कसं?

लाडक्या चिऊ,

तुझा मेसेज वाचला. नगरला आजीकडे जाऊन आठवडाही झाला नाही आणि तू किती मोलाचा प्रश्न काढलास! "आई, आपलं आडनाव इथल्या सगळ्यांसारखंच. आजी साडी नेसते, मंगळसूत्र घालते, नाताळला करंज्या करते. गळ्यात क्रूस कुणाच्याच नाही. शेजारची मुलगी म्हणाली, तुम्ही ख्रिश्चन आहात हे मला माहीतच नव्हतं. मग कळतं कसं? आणि कळायला हवं का?"

कळायला हवं, बाळा. दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो, हे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय. पण गळ्यातल्या क्रूसावरून काय कळणार? इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये किती जणांच्या गळ्यात तो नुसता दागिना म्हणून असतो, तू पाहतेसच.

आता आजीच्या स्वयंपाकघरात जा आणि मांडणीवरचे कप बघ. आपल्याकडे कितीतरी घरांत भांडी घासणाऱ्या बाईंचा कप वेगळा असतो. कान तुटलेला, खिडकीत नाहीतर ओट्याखाली ठेवलेला. पाहुण्यांच्या कपांत तो कधी मिसळत नाही. चांगली, शिकलेली, देवभोळी माणसंही हे करतात आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही येत नाही. आजीकडे तसा कप नाही. मावशी काम आटोपून टेबलाशी खुर्चीवर बसतात आणि हाताला येईल त्या कपात चहा पितात. मी शाळेत होते तेव्हा शेजारच्या काकूंनी हे पाहून आजीला हळूच विचारलं होतं, "तुम्ही त्यांना आपल्याच कपात देता?" आजी म्हणाली, "चर्चमध्ये प्रभुभोजनाला आम्ही सगळे एकाच भाकरीतला तुकडा घेतो. मग घरी कप दोन कशाला?" काकूंना आम्ही ख्रिस्ती असल्याचं आधीपासून ठाऊक होतं. पण म्हणजे काय, ते त्या दिवशी पहिल्यांदा समोर आलं.

ही गोष्ट नगरच्या मातीतलीच आहे. पुढे नगरला राहिलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ते ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे टिळकांकडे आल्या, तरी आपलं सोवळं पाळूनच. दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा चालत नसे. हळूहळू त्यांच्या मनाने घेतलं की ही शिवाशिव देवाने केलेली नाही, माणसांनी केलीय, आणि त्यांनी आपणहून ती सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी बदललं, मग नाव.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. धर्म बदलला म्हणून त्यांच्यावर पुण्यात केवढी टीका झाली! पण ज्या मुलींना घरदार उरलं नव्हतं, त्यांना त्यांनी घर दिलं. ते टीकाकारांनाही दिसत होतं.

आता तुझ्या मनात येईल की येशू तर हेही म्हणाला, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. हो, त्याच प्रवचनात, पुढच्याच अध्यायात. मला ही दोन्ही वचनं एकत्र ठेवल्याशिवाय नीट लागत नाहीत. लोकांनी आपल्याला भलं म्हणावं म्हणून केलं, की लोकांना आपणच दिसतो. आजीने त्या कपाबद्दल स्वतःहून कुणाला कधीच सांगितलं नाही. काकूंनी विचारलं, तेव्हा एका वाक्यात सांगितलं आणि लगेच भाजी निवडायला बसली.

आणि एक गोष्ट तुझ्यापासून लपवायची नाही. आपल्या मंडळीतही जात गेलेली नाही. लग्न जमवायची वेळ आली की "मूळचे कोण?" हा प्रश्न चर्चच्या आवारातही निघतो. मला याचं फार वाईट वाटतं. बाहेरच्यांचं लक्ष आपल्या गाण्यांकडे आणि नाताळच्या चांदणीकडे जातं तसं इकडेही जातं, आणि जायलाच हवं. रविवारी उपासनेनंतर कुणी तुला असं काही विचारलं, तर "आम्ही प्रभूचे" एवढं म्हण आणि आजीजवळ जाऊन उभी राहा.

त्या शेजारच्या मुलीला मात्र टाळू नकोस. जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने, असं येशूचा शिष्य पेत्र याने लिहून ठेवलंय. तर तिला सांग: हो, आम्ही ख्रिस्ती आहोत, माझी आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, रविवारी आम्ही चर्चला जातो, तुला यायचं असेल तर ये. तिने पुढे काही विचारलं तर पुढचं सांग. नाही विचारलं, तर दोघी मिळून सायकल काढा आणि किल्ल्यापर्यंत फिरून या.

आजीला जय ख्रिस्त सांग.

तुझी,
आई