महापालिका निर्णय घेताना नागरिकांना नेमकं कसं सामील करून घेतात?

खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी फक्त विचारतात. ठरवू देतात ते फार थोड्या ठिकाणी.

जाहीर सुनावणी, आराखड्यावर हरकती-सूचना, ऑनलाइन सर्वेक्षण हे नेहमीचे मार्ग. अडचण अशी, की सुनावणी होईपर्यंत आराखडा बऱ्याचदा पक्काच झालेला असतो, आणि कामाच्या दिवशी भरदुपारी तिथे येऊ शकणारे लोकही ठरावीकच.

फरक पडतो तो पैशाचा निर्णय लोकांकडे गेल्यावर. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं. वस्त्यावस्त्यांत सभा व्हायच्या. आधी रस्ता की सांडपाण्याची वाहिनी, हा क्रम लोक लावायचे. मग त्यांनीच निवडलेले प्रतिनिधी अंदाजपत्रकाच्या परिषदेत बसायचे. गरीब वस्त्यांतली माणसंही आवर्जून यायची, कारण बोलल्याचं फळ दारासमोर दिसायचं. पुढे राजकीय पाठबळ आटलं तशी ती पद्धत खिळखिळी झाली, हेही खरंच.

दुसरा मार्ग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नागरिकांच्या सभेचा. वय, लिंग वगैरेंचा मेळ घालून माणसं निवडतात, त्यांना तज्ज्ञांशी बोलू देतात, मग शिफारशी घेतात. पॅरिसने २०२१ मध्ये अशी कायमस्वरूपी सभाच नेमली.

तुमच्याकडे कोणी 'लोकसहभाग' म्हणालं, तर एवढंच विचारा: कोणत्या सूचना घेतल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, हे लेखी कळवणार का?