सोनेरी बॅरलचं लाल फूल

प्रश्न : गेल्या दिवाळीत नर्सरीतून नारळाएवढा, सोनेरी काट्यांचा बॅरल कॅक्टस आणला. डोक्यावर लाल फूल होतं. ते पाच-सहा महिने टिकलं, अजूनही तिथेच आहे, फक्त रंग उडालाय. नवीन फूल मात्र एकही नाही. रोज पाणी घालते, दर महिन्याला खत देते. काय कमी पडतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ते फूल बोटाने चाचपून बघा. कागदासारखं कुरकुरीत लागलं, तर ते त्या झाडाचं नाहीच. वाळवलेली फुलं गोंदाने चिकटवून कॅक्टस विकतात. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही. निवडुंगाचं खरं फूल फार तर काही दिवस टिकतं. ते ओढून मात्र काढू नका, शेंडा दुखावेल. पाकळ्या कात्रीने कापा. उरलेला गोंद झाड वाढेल तसा सुटेल.

गोल्डन बॅरलची खरी फुलं पिवळी असतात आणि डोक्यावरच्या लोकरीतून उमलतात. त्यासाठी झाड फूटभर रुंद व्हावं लागतं, म्हणजे साधारण १५-२० वर्षं. कुंडीत आणि कमी उन्हात तेही नक्की नाही. तेव्हा खत थांबवा. नत्र जास्त झालं की झाड नुसतं फुगतं आणि मऊ पडतं.

रोजचं पाणी तर आजच बंद. माती आतपर्यंत कोरडी झाली की भरपूर घाला, मग परत वाळू द्या. थंडीत जवळजवळ नकोच. हा मूळचा मेक्सिकोतल्या क्वेरेतारोकडच्या डोंगरकड्यांवरचा. पाऊस तिथेही पडतो, पण पाणी दगडांतून निघून जातं. तुमच्या कुंडीत ते साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून मातीची कुंडी घ्या. पोयटा कमी, जाड वाळू आणि विटांचे तुकडे जास्त. झाड उचलताना वर्तमानपत्राची जाड घडी भोवती गुंडाळा. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी नाही. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली ठेवा, पण उजेड हवाच. पावसाळा संपला की हळूहळू उन्हात सरकवा. एकदम कडक उन्हात नेलंत तर साल भाजते आणि तो डाग जात नाही.

फुलांचीच हौस असेल, तर शेजारी एखादा मॅमिलॅरिया नावाचा छोटा निवडुंग आणा. कमी जागेत राहतो आणि लहान वयातच डोक्याभोवती गुलाबी फुलांचं कडं धरतो. घेताना फूल चाचपून घ्या.