‘झोजीला खिंड’ आणि लडाखमधला ‘ला’

एका वाचकाने विचारले आहे की, ‘१ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने रणगाडे वर चढवून झोजीला खिंड जिंकली’ या वाक्यातील ‘झोजीला खिंड’ ही रचना बरोबर आहे काय, आणि काश्मीर खोऱ्यातून ही खिंड ओलांडून ज्या प्रदेशात जातात त्याचे नाव ‘लडाख’ लिहावे की ‘लद्दाख’. वाक्यातील घटना खरी आहे. रचना मात्र चुकीची आहे. तिबेटी आणि लडाखी भाषांत ‘ला’ या शब्दाचाच अर्थ खिंड असा आहे. म्हणून ‘झोजी ला’ लिहावे किंवा ‘झोजी खिंड’ लिहावे. दोन्ही एकत्र लिहिणे म्हणजे पिवळा पीतांबर नेसणे होय. ‘खारदुंग ला पास’, ‘नथुला पास’, ‘पँगाँग त्सो सरोवर’ (‘त्सो’ म्हणजे सरोवरच) हे बातम्यांत आणि प्रवासवर्णनांत ऐकून ऐकून कान विटले आहेत.

काही जाणकार अशा द्विरुक्तीला मुभा देतात आणि ‘पावरोटी’चा दाखला पुढे करतात. पोर्तुगीज ‘पाव’ म्हणजे रोटीच, मग ‘पावरोटी’ चालते तर ‘झोजीला खिंड’ का चालू नये, असा त्यांचा प्रश्न असतो. हा दाखला मला मुळीच मान्य नाही. ‘पाव’ मराठीत आला तो एका विशिष्ट पदार्थाचे नाव होऊन, आणि ‘रोटी’ जोडल्याने त्यातले काही हरवले नाही. ‘ला’ मात्र आपण शब्द म्हणून ओळखलाच नाही. तो नावाला चिकटवून त्यापुढे ‘खिंड’ लावली, की त्या शब्दातली सगळी माहिती पुसली जाते.

ओळख न पटण्याचे कारण आपल्याच व्याकरणात आहे. ‘नथूला’, ‘शिपकीला’, ‘झोजीला’ असे जोडून लिहिले की मराठी डोळ्यांना तो चतुर्थीचा प्रत्यय वाटतो: रामूला, काशीला, तसे नथूला. याहून नवलाची गोष्ट अशी की, लिखित तिबेटीतही ‘ला’ हा शब्दयोगी आहे, त्याचा अर्थ ‘कडे, ठिकाणी, -ला’ असाच होतो, आणि त्याची वर्तनी खिंडवाचक ‘ला’सारखीच आहे. हे कळल्यावर दोन भाषांचे नाते जोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. आपला ‘ला’ ज्ञानेश्वरीतल्या ‘लागीं’च्या कुळातला मानला जातो, आणि त्याचे मूळ शोधायला हिमालय ओलांडण्याची गरज नाही.

खरी गंमत पुढे आहे. देवनागरीत ‘ला’ किंवा ‘ल्हा’ म्हणून येणारे तीन वेगळे तिबेटी शब्द आपण एकमेकांत मिसळून टाकले आहेत. खिंड ती ‘ला’. देव तो ‘ल्हा’, ज्यावरून ल्हासा म्हणजे देवांचे स्थान. आणि ‘लामा’मधला ‘ला’ मुळात ‘ब्ला’ लिहिला जातो, त्याचा अर्थ वरचा, श्रेष्ठ. खिंडीच्या माथ्यावर दगडांचे ढीग आणि पताका असतात. तेथे पोचलेला प्रवासी ‘की की सो सो, ल्हा ग्यालो’ अशी आरोळी देतो, म्हणजे देवांचा जय असो. ‘ला’वर उभे राहून ‘ल्हा’चा जयजयकार करायचा असतो, आणि हे दोन शब्द वेगळे ठेवण्याची सोय मराठीइतकी सहज फार थोड्या भाषांत असेल, कारण ‘कोल्हा’, ‘विल्हेवाट’, ‘कोल्हापूर’ हे आपण रोज म्हणतो. तरीही ‘लासा’ असे लिहिणारे मराठी लेखक आहेत, याचा मला मनापासून खेद होतो.

नकाशा हाती घेऊन हे शब्द पाहावेत. सिक्कीमची नथू ला, किन्नौरची शिपकी ला, लडाखची चांग ला आणि खारदुंग ला, असा ‘ला’ तिबेटी वळणाच्या भाषांबरोबर चालत जातो. चंबा-कांगड्याकडे खिंडीला ‘जोत’ म्हणतात, कुमाऊँमध्ये ‘धुरा’. लेहहून खारदुंग ला आणि सासेर ला ओलांडून मध्य आशियातील यारकंदकडे जाणारा व्यापारी काराकोरम खिंडीपाशी पोचला की ‘ला’ संपत असे, आणि पुढे तुर्की भाषांचा ‘दवान’ सुरू होत असे. काराकोरम हे नावही तुर्कीच आहे. शतकानुशतके चाललेल्या व्यापाराची आणि भाषांची सीमा या प्रत्ययवजा शब्दांत शाबूत राहिली आहे. त्यांच्यावर ‘खिंड’ आणि ‘पास’ यांचे थर चढवून ती बुजवू नये.

आता ‘लडाख’. मूळ तिबेटी लेखन ‘ल-द्वग्स’. त्यातला पहिला भाग हाच खिंडवाचक ‘ला’, म्हणून खिंडींचा प्रदेश अशी फोड करतात. माझे मत असे आहे की, हे नाव येथे राहणाऱ्यांच्या नजरेतून पडलेले नाही. जो राहतो तो दरीत, नदीकाठच्या जवाच्या शेतापाशी राहतो; खिंडी मोजतो तो येणारा-जाणारा. सह्याद्रीचे असेच झाले. कोकणातून देशावर चढण्याच्या वाटा त्या घाट, आणि बाहेरून आलेल्यांनी साऱ्या पर्वतालाच ‘पश्चिम घाट’ करून टाकले. प्रदेशाचे जुने नाव ‘मरयुल’ हेही मला पटवते. दहाव्या शतकात पश्चिम तिबेटात राज्य उभारणाऱ्या न्यिमागोनच्या थोरल्या मुलाच्या वाट्याला हे मरयुल आले. ‘द्मर’ म्हणजे लाल, म्हणून त्याचा अर्थ ‘लाल भूमी’ असा सांगणारे बरेच आहेत, आणि डोंगरांचा रंग दाखवून ते समाधान पावतात. मला हे उथळ वाटते. ‘मर’ म्हणजे खाली. सिंधू पश्चिम तिबेटातल्या ङारीच्या पठारावरून लडाखमध्ये उतरते, आणि राजवंशही त्याच दिशेने उतरला. वरून आलेल्यांना ही खालची भूमी दिसली, जसा घाटमाथ्यावरच्याला खाली तळकोकण दिसतो. एक नाव वरून उतरणाऱ्याने दिले, दुसरे खिंडी ओलांडणाऱ्याने.

वर्तनीचा प्रश्न राहिला. मूळ ध्वनी दंत्य ‘द’ आहे, आणि शेवटचा ‘ख’ फारसी लेखनातून आलेला आहे. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे मिशनरी आणि इतिहासकार ए. एच. फ्रँके यांनी या फारसी रूपाला काही तिबेटी जिल्ह्यांतल्या उच्चारांचा आधार असल्याचे नोंदवले होते. ‘द्द’ हे द्वित्व हिंदीचे, ‘ड’ आपल्या वापरातला. मूळ ध्वनीला दोन्हींपेक्षा ‘लदाख’ जवळचे, परंतु मराठीत रुळलेले ‘लडाख’ मी बदलणार नाही.

वाचकाचे वाक्य असे लिहावे: ‘१ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने रणगाडे वर चढवून झोजी ला जिंकली.’ ‘ला’ सुटा ठेवावा, आणि खिंडीप्रमाणे तो स्त्रीलिंगी चालवावा.