कॉन्शसनेसला मराठीत काय म्हणायचं, शुद्ध, भान, चेतना की जाणीव?

प्रश्न असा आलाय की मेंदूवरचा लेख मराठीत करताना ‘कॉन्शसनेस’ला चेतना लिहू का जाणीव, आणि आपण रोज म्हणतो ती साधी ‘शुद्ध’ का नको. माझं मत आधीच सांगून टाकतो, जाणीव लिहा. चेतना तर अजिबात नको, का ते पुढं येईलच.

शुद्ध हा दवाखान्यातला शब्द. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ ला गेला की नव्या पेठेत भर दुपारी कुणीतरी चक्कर येऊन पडतं, तोंडावर पाणी मारतात, ‘शुद्धीवर आले का ओ?’ विचारतात. आता यालाच शहराच्या पूर्व भागातला तेलुगू माणूस ‘स्पृह तप्पिंदि’ म्हणणार आणि अक्कलकोटकडचा कानडी ‘प्रज्ञे तप्पितु’. शब्द तिन्ही संस्कृतातले पण मुळात शुद्धी म्हणजे निर्मळपण, स्पृहा म्हणजे इच्छा आणि प्रज्ञा म्हणजे बुद्धी, म्हणजे माणूस एकच पडला पण त्याचं गेलं काय यावर तीन भाषांची तीन मतं! (आपलं ‘बेशुद्ध’ पण भारीच, ‘बे’ फारसी आणि शुद्ध संस्कृत.)

ही शुद्ध डॉक्टरांना मोजता येते. १९७४ साली आलेल्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायच्या पट्टीत, डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ मार्क, एकूण १५, आणि कितीही वाईट अवस्था असली तरी ३ च्या खाली जात नाही. पण २००६ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी एका तरुण बाईची केस छापली, अपघातानंतर डोळे उघडे पण कशालाच प्रतिसाद नाही, आणि स्कॅनरमध्ये तिला ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर’ सांगितल्यावर मेंदूचा तोच भाग जागा झाला जो धडधाकट माणसाचा होतो. मार्कांच्या हिशोबात उघड्या डोळ्यांपलीकडे फारसं काही नाही आणि आत कुणीतरी ऐकतंय बहुतेक. इथं शुद्ध हा शब्द तोकडा पडतो.

भान वेगळं. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत खिसा कापला जातो तेव्हा शुद्ध पक्की असते, भान नसतं. भान म्हणजे लक्ष, त्यावर विज्ञानाचं बरंच काम झालंय, ते सोडू.

खरी अडचण जाणिवेची. शेंगाचटणी खाल्ल्यावर काय होतं हे आता चांगलंच माहितीय. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या एका विशिष्ट रिसेप्टरला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, तो १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने शोधला, त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात हे कामही होतं, आणि साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णतासुद्धा हाच रिसेप्टर चालू करते, म्हणून ‘तोंडात जाळ झाला’ हे आपलं बोलणं शास्त्राला धरूनच आहे की. तिथून सिग्नल मज्जातंतूने मेंदूत, मेंदूतले कुठले भाग पेटतात तेही दिसतं. पण ‘मला तिखट लागलं’ यातलं ते ‘मला’ आणि ‘लागलं’ कुठून आलं? एवढ्या विजेच्या हालचालीतून कुणाला तरी काहीतरी वाटतं ते का, याला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स ‘अवघड प्रश्न’ म्हणतात. १९९८ मध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने त्यांच्याशी पैज लावली की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण सापडेल. २०२३ मध्ये कॉख हरले आणि त्यांनी वाइनच्या बाटल्या आणून दिल्या. आणि ती पैज नुसत्या खुणेची होती बरं का, ‘का वाटतं’ हा तर त्याच्याही पुढचा मुद्दा.

म्हणून चेतना नको म्हणतो. शाळेच्या पुस्तकात न्यूरॉनला चेतापेशी, नर्व्हस सिस्टिमला चेतासंस्था असे शब्द रुळलेत. मग ‘चेतापेशींतून चेतना निर्माण होते’ असं वाक्य लिहिलं की ते आपोआप पटतं, कारण शब्दच एका घरातले, आणि जिथं विज्ञान अडलंय ती जागा वाचणाऱ्याला दिसतच नाही. ‘चेतापेशींतून जाणीव कशी निर्माण होते?’ लिहून बघा, प्रश्न लगेच प्रश्नासारखा दिसतो.

जाणीवला जोड पण तयार आहे, अनकॉन्शससाठी नेणीव. फक्त ऑपरेशनला भूल दिलेल्या पेशंटला ‘नेणिवेत गेला’ लिहू नका, तिथं आपलं बेशुद्धच बरं.